मागच्या चाकावरचा भार: कांद्याच्या पिकअपसाठी टायर निवडण्याचे एक प्रकरण

२०२४ च्या एप्रिल महिन्यातील एका दुपारी, माळशेज घाट उतरून टोकावडे मागे टाकल्यानंतर, कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या एका पिकअपचा मागचा डावा टायर फुटला. गाडी ओतूरजवळच्या एका वस्तीवरून वाशीच्या बाजार समितीकडे निघाली होती. चालकाने ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी आपोआप मंद होऊ दिली, त्यामुळे ती उलटली नाही. चार गोण्या रस्त्यावर पडल्या, रिम वाकला, आणि माल दुसऱ्या गाडीत चढवून वाशीला पोहोचवेपर्यंत रात्र झाली. कोणालाही इजा झाली नाही, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी गोष्ट.

गाडीचा मालक माझा जुना विद्यार्थी. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा निदेशक म्हणून काम करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फुटलेला टायर घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आता कोणता टायर टाकू तेवढं सांगा. भारीतला सांगा, पण पुन्हा फुटायला नको." त्याचा प्रश्न टायरच्या नावाचा होता. मी त्याला म्हणालो, "आधी गाडी काट्यावर घेऊ, मग टायरचं बोलू." पुढचे सगळे त्या एका वाक्यातून निघाले. आमच्या भागातील शेकडो पिकअप याच पद्धतीने याच रस्त्यावर धावत असल्यामुळे हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवावे असे मला वाटले.

गाडी आणि तिचे काम

ही गाडी त्याने तीन वर्षांपूर्वी जुनी विकत घेतलेली होती. मागे एका बाजूस एकच चाक, म्हणजे एकूण चार चाके. नोंदणी पुस्तकात मालासह एकूण वजनाची मर्यादा २,९०० किलो आहे. चालक, भरलेली डिझेल टाकी, ताडपत्री, दोर आणि स्टेपनी धरून रिकाम्या गाडीचे वजन काट्यावर १,६४० किलो भरले. याचा अर्थ, कायद्याने या गाडीत सुमारे १,२५० किलो माल चालतो, म्हणजे पन्नास किलोच्या पंचवीस गोण्या. प्रत्यक्षात ती अडतीस गोण्या घेऊन जात असे.

अडतीस गोण्या का, हे समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाला न्याय देता येणार नाही. त्या हंगामात कांद्याची निर्यातबंदी लागू होती. डिसेंबर २०२३ मध्ये लागलेली ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. उन्हाळी कांदा चाळीत येत असताना भाव पडलेले होते आणि प्रत्येक शेतकरी गोणीमागचे भाडे कमी करण्याच्या मागे होता. ओतूरहून वाशीला जाण्याचे डिझेल आणि टोल पंचवीस गोण्यांना जेवढा लागतो, त्याहून फारसा जास्त अडतीस गोण्यांना लागत नाही. गाडीमालक लोभी नव्हता. त्याच्या गाडीत त्याच्या चुलत्यांचा आणि शेजाऱ्यांचाही माल असे, आणि "दोन गोण्या राहिल्यात, तेवढ्या घेच" या शब्दाला नकार देणे गावात सोपे नसते.

दुसरी बाब पाट्यांची. आधीच्या मालकाने मागच्या कमानीत (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा टाकून घेतला होता, त्यामुळे अडतीस गोण्या भरल्यावरही गाडी मागे बसत नसे आणि पाहणाऱ्याला ती अगदी सरळ उभी दिसे. "सर, गाडी तर बसतच नव्हती," हे वाक्य मालकाने माझ्यापाशी तीनदा उच्चारले. जादा पाटा गाडीचा हौदा वर उचलून धरतो, पण त्या पाट्यावरचा सगळा भार अखेर त्याच दोन टायरांवर आणि त्याच ॲक्सलवर येतो. पाट्याने फक्त धोक्याची खूण झाकली गेली. गाडी बसली असती तर चालकाला निदान शंका आली असती. त्यामुळे या जादा पाट्याला मी या प्रकरणातील मूळ दोषांपैकी एक मानतो.

फुटलेला टायर काय सांगत होता

टायर वर्कशॉपच्या बाकावर उलटा पालटा करून आम्ही सावकाश पाहिला. नक्षीचा पट्टा जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत खालच्या थरांपासून सुटलेला होता आणि त्यातून पोलादी तारा बाहेर डोकावत होत्या. मी आत हात घातला तेव्हा मूठभर काळा चुरा निघाला, बाजरीच्या कण्यांएवढा. टायरच्या बाजूच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, संपूर्ण घेरभर, बोटभर रुंदीचा सुरकुतलेला आणि किंचित निळसर झालेला पट्टा होता. खिळा किंवा दगड लागून फुटलेल्या टायरमध्ये अशा खुणा नसतात. ही भिंत प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर दबत होती, दबल्यामुळे तापत होती, आणि तापल्यामुळे आतल्या थरांची पकड सुटत गेली होती.

हा ताप कोठून येतो, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी हिशेबाने दाखवतो. या मापाच्या टायरचा व्यास सुमारे सत्तर सेंटिमीटर आहे, म्हणजे एका किलोमीटरला तो सुमारे साडेचारशे फेरे घेतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावताना टायरचा प्रत्येक भाग मिनिटाला साडेचारशे वेळा जमिनीशी येऊन दबतो आणि पुन्हा सरळ होतो. लोखंडाची तार सतत वाकवली तर ती वाकणाऱ्या जागी गरम होते, तसेच रबराचे होते. भार जितका जास्त, तितके दबणे जास्त आणि तितकी उष्णता जास्त. त्यात एप्रिलची दुपार आणि खालून तापलेला डांबरी रस्ता. टायर घाट चढताना किंवा उतरताना फुटला नाही, तर घाट संपून सपाटीवर वेग वाढल्यानंतर फुटला, हेही त्याच कारणाशी जुळते.

टायर डावाच का फुटला, असा प्रश्न मालकाच्या वडिलांनी केला आणि तो अगदी योग्य होता. आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला दोन्ही बाजूंना उतार दिलेला असतो आणि आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे गाडी नेहमी किंचित डावीकडे कललेली असते. समोरून मोठी गाडी आली की डावेच चाक साइडपट्टीवर उतरते आणि डांबराच्या कडेवरून पुन्हा वर चढते. शिवाय गोण्या भरताना हमाल ज्या बाजूने चढवतात, त्या बाजूला थर किंचित जड होतो.

आता टायरच्या बाजूवर लिहिलेले पाहू. त्यावर २१५/७५ आर १५, १०० एस, असे होते. दरवाज्याच्या खांबावर चिकटवलेल्या कंपनीच्या पट्टीवरही माप २१५/७५ आर १५ हेच होते, पण तिथे पुढे 'एलटी' (लाइट ट्रक, म्हणजे हलके मालवाहू वाहन) ही अक्षरे आणि १०६/१०४ हे आकडे होते. सगळा घोटाळा या फरकात होता. मापाचे आकडे तंतोतंत जुळत होते, मात्र आधीच्या मालकाने बसवलेले टायर जीपच्या जातीच्या प्रवासी गाडीचे होते आणि गाडीला हवे होते मालवाहू जातीचे.

मापानंतर येणारा १०० हा आकडा म्हणजे भार निर्देशांक. तो किलोमध्ये लिहिलेला नसतो, त्यासाठी ठरलेला तक्ता आहे. त्या तक्त्याप्रमाणे १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १०६ म्हणजे ९५० किलो. एलटी टायरवर दोन आकडे असतात, त्यांपैकी पहिला एका बाजूला एकच चाक असताना आणि दुसरा जोडचाके असताना लागू होतो. आपल्या गाडीला मागे एकेकच चाक असल्याने पहिला आकडा धरायचा. शेवटचे अक्षर वेगाचे असते. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर. हे अक्षर वरचे आहे म्हणून टायर भारी, असा समज मालकाचाच नव्हे, त्याला टायर विकणाऱ्याचाही होता. गोण्यांनी भरलेल्या पिकअपला १८० च्या वेगाचा काही उपयोग नाही, तिला किलो हवे आहेत.

प्रवासी जातीचा टायर मालवाहू गाडीला लावायचा झाल्यास अमेरिकेतील नियम त्याची भारक्षमता १.१० ने भागून धरायला सांगतो, कारण मालवाहू गाडीला सतत भार, धक्के आणि कललेला माल सहन करावा लागतो. त्या हिशेबाने हा ८०० किलोचा टायर ७२७ किलोचाच उरतो. आपल्याकडे कोणी हा हिशेब करत नसले, तरी त्यामागचे कारण घाटातील रस्त्याला अधिकच लागू आहे.

टायरवर आणखी दोन गोष्टी वाचण्यासारख्या होत्या. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांवर आयएसआयचे चिन्ह असते आणि त्यासोबत मानकाचा क्रमांक असतो. प्रवासी मोटारींच्या टायरांसाठी तो १५६३३ आणि व्यापारी वाहनांच्या टायरांसाठी १५६३६ आहे. फुटलेल्या टायरवर १५६३३ होते. ज्याला भार निर्देशांकाचा तक्ता पाठ नाही, त्यालाही या एका क्रमांकावरून जात ओळखता येते. दुसरी गोष्ट, टायरच्या बाजूवर लंबगोलात छापलेले शेवटचे चार अंक १५१७ होते, म्हणजे टायर २०१७ सालच्या पंधराव्या आठवड्यात बनलेला होता. मालक तो 'तीन वर्षांचा' समजत होता, कारण गाडी त्याच्याकडे तीन वर्षे होती. टायर सात वर्षांचा होता.

काट्यावर

गावाजवळच्या वजनकाट्यावर आम्ही दोनदा गेलो, एकदा रिकामी गाडी घेऊन आणि एकदा शेजाऱ्याचे टायर उसने लावून, अगदी सावकाश, अडतीस गोण्या भरून. अशा भाराने गाडी रस्त्यावर नेणे योग्य नव्हते हे मी मान्य करतो. अंतर एक किलोमीटरपेक्षाही कमी होते आणि आकडा डोळ्यांनी दिसल्याशिवाय घरातल्या कोणाला पटणार नव्हते, म्हणून ते केले.

नेहमी लोक पूर्ण गाडीचे वजन घेतात आणि पावती खिशात घालतात. टायर निवडण्यासाठी ते पुरेसे नाही. आम्ही आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके, आणि शेवटी मागचे एकेक चाक काट्याच्या कडेवर घेऊन, अशी वेगवेगळी वजने घेतली. रिकाम्या गाडीत पुढच्या चाकांवर ९३० आणि मागच्या चाकांवर ७१० किलो होते. अडतीस गोण्या भरल्यावर एकूण वजन ३,५७० किलो झाले. पुढे १,२८० आणि मागे २,३०० किलो आले. बेरीज दहा किलोने जास्त येते, कारण गाडीचा अर्धा भाग काट्यावर आणि अर्धा जमिनीवर असताना थोडा फरक पडतोच.

याचा अर्थ असा की १,९३० किलो मालापैकी सुमारे १,५८० किलो, म्हणजे पाच भागांतले चार भागांहून अधिक, एकट्या मागच्या ॲक्सलवर गेले होते. पिकअपचा हौदा मागच्या चाकांवरच बसलेला असतो, म्हणून हे साहजिक आहे. त्यातही मागच्या डाव्या चाकावर १,१९० किलो आणि उजव्या चाकावर १,११० किलो होते. ८०० किलो क्षमतेच्या, सात वर्षे जुन्या टायरवर १,१९० किलो, म्हणजे जवळजवळ दीडपट. काटेवाल्याने आकडा वाचून दाखवला तेव्हा मालकाचे वडील काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पावती मागून घेतली आणि चष्मा लावून पुन्हा वाचली.

पण या हिशेबातील खरी शिकवण पुढे आहे. मी त्यांना पंचवीस गोण्यांचा, म्हणजे कायदेशीर भाराचा आकडाही मांडून दाखवला. रिकामे ७१० आणि मालाचे सुमारे १,०२५, असे मागच्या ॲक्सलवर १,७३५ किलो येतात, म्हणजे एका टायरवर सरासरी ८६८ किलो. माल थोडा डावीकडे झुकला तर डाव्या टायरवर ९०० च्या आसपास. तेव्हा जीपच्या जातीचा तो टायर नियमात राहून भरलेल्या गाडीलाही पुरा पडत नव्हता. मालकाने उद्यापासून एकही जादा गोणी न घेण्याचे ठरवले असते आणि तोच टायर पुन्हा टाकला असता, तरी तो टायर पहिल्या फेरीपासून आपल्या क्षमतेबाहेर राबला असता.

हवेचा गैरसमज

चालकाने त्या सकाळी मागच्या टायरांत ५० पीएसआय हवा भरली होती. "माल जास्त असला की हवा कडक मारायची," ही आमच्याकडची सर्वमान्य समजूत आहे आणि तिच्यात अर्धे सत्य आहे. भार उचलण्याचे बहुतेक काम टायरमधील हवेचा दाब करतो, रबर आणि दोरे त्या हवेला कोंडून धरतात. त्यामुळे कमी हवेने भार नेणे घातकच असते. मात्र दाब वाढवून मिळणारी क्षमता टायरच्या कमाल आकड्यापाशी थांबते. फुटलेल्या टायरवर कमाल दाब ४४ पीएसआय लिहिलेला होता. त्यात ५० भरल्याने तो ८०० चा ९०० किलोचा झाला नाही, उलट आतले थर आधीच ताणलेले राहिले आणि खड्ड्याचा दणका सोसण्याची त्यांची शक्ती कमी झाली. परतीच्या रिकाम्या फेरीत तोच कडक टायर फक्त मध्यावर टेकत असे, म्हणून त्याची नक्षी मधोमध जास्त झिजलेली दिसत होती.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एलटी टायरवर ९५० किलो लिहिलेले असतात ते त्याच्या ठरलेल्या दाबाला, या टायरच्या बाबतीत ६५ पीएसआयला. हा मजबूत टायर आणून त्यात सवयीने ४५ पीएसआय हवा ठेवली, तर त्याची क्षमता साधारण पाऊणपट, म्हणजे सातशे किलोच्या आसपास उरते. म्हणजे पैसे जास्त घालवून पुन्हा जीपच्या टायरपेक्षाही खाली यायचे. एलटी टायर बसवूनही तो वर्षभरात फुगला अशी तक्रार मी ऐकतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न हवेबद्दल असतो.

टायरच्या दुकानात

दुकानात आमच्यासमोर चार पर्याय आले. दुकानदार भला माणूस, पण त्याने सुरुवात त्याच टायरपासून केली. "सर, साईज तीच आहे. जीपला चालतो तर हिला का नाही चालणार? आणि गाडी मऊ पळते." टायर नरम असल्याने गाडी मऊ पळते हे खरे, आणि तो नरम आहे म्हणूनच तो नको होता. हा पर्याय काट्याच्या पावतीने तिथेच बाद झाला.

दुसरा पर्याय रिमोल्डचा. मोठ्या ट्रकांचे चांगले टायर एकदा-दोनदा रिमोल्ड करून व्यवस्थित चालतात आणि त्यात काही गैर नाही, पण त्यासाठी मूळ टायरचा सांगाडा निरोगी आणि भाराच्या जातीचा असावा लागतो. दुकानात होते ते प्रवासी जातीच्या टायरांवर नवी नक्षी चढवलेले. वरून नवे दिसतात, पण आतला सांगाडा तोच ८०० किलोचा आणि वयस्क. मागच्या ॲक्सलला एकेकच चाक असलेल्या गाडीला ते मी सुचवणार नाही.

तिसरा पर्याय मालकाला मनापासून हवा होता, तो म्हणजे ७.०० - १५ मापाचे, १२ पीआरचे (प्लाय रेटिंग, म्हणजे ताकदीचा दर्जा), ट्यूब असलेले नायलॉन टायर. थोराड, जाड, पाहताक्षणी विश्वास वाटावा असे. त्याच्या मित्राच्या मोठ्या पिकअपला ते आहेत आणि त्या गाडीला कंपनीनेच दिलेले आहेत. आपल्या गाडीला मात्र त्याची उंची चार-पाच सेंटिमीटरने जास्त पडते. उंच टायरमुळे प्रत्येक गिअर लांब होतो, म्हणजे घाट चढताना इंजिनाला ओढ लागते, आणि ब्रेकला तेच चाक थांबवायला अधिक जोर लावावा लागतो. वेगाचा काटा साठ दाखवत असताना गाडी त्रेसष्ट-चौसष्टने धावत असते. रिमची रुंदी जुळत नाही, आणि रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते, ती टायर बदलून वाढत नाही. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा होता. हा टायर टाकल्यावर मालक अडतीसच्या बेचाळीस गोण्या करील, याची मला खात्री होती. टायर टिकला तर पुढची पाळी ॲक्सलची, हबच्या बेअरिंगची आणि ब्रेकची. टायर फुटला तर गाडी थांबते. माळशेजच्या उतारावर ब्रेक तापून गेले तर ती थांबत नाही.

हे बोलताना पीआरचा अर्थही सांगावा लागला. ८ पीआर म्हणजे टायरमध्ये आठ थर आहेत असे नव्हे. सुती दोऱ्यांचे टायर असत तेव्हा थर मोजून ताकद सांगत, तो शब्द राहून गेला. आजच्या रेडियल टायरमध्ये प्रत्यक्ष थर कमीच असतात, पण त्यांची ताकद जुन्या आठ सुती थरांच्या बरोबरीची असते. तुलना करायची तर भार निर्देशांकाने करावी, ती चुकत नाही.

शेवटी ठरला तो चौथा पर्याय, खांबावरच्या पट्टीप्रमाणे २१५/७५ आर १५ एलटी, ८ पीआर, १०६/१०४, ट्यूबलेस रेडियल. मागच्या एका टायरवर पंचवीस गोण्यांना ८६८ ते ९०० किलो भार आणि टायरची क्षमता ९५० किलो. पन्नास किलोची ही ढील मला फार वाटत नाही, पण पुरेशी वाटते. नक्षी निवडताना थोडी चर्चा झाली. सरळ रेघांची नक्षी डांबरावर हलकी पळते आणि सावकाश झिजते, तर मोठ्या बटणांची नक्षी चिखलात पकड धरते पण डांबरावर तापते आणि आवाज करते. ही गाडी फेरीतील बहुतेक अंतर डांबरावर असते, मात्र पावसाळ्यात चाळीपर्यंतचा शेवटचा कच्चा तुकडा तिला ओलांडावा लागतो. म्हणून मधे रेघा आणि कडेला बटणे असलेली मिश्र नक्षी घेतली. चारही टायर एकाच जातीचे टाकले, कारण एकाच ॲक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळणे धोक्याचे असते, आणि पुढचे जुने टायरही सात वर्षांचेच होते. जीपच्या टायरपेक्षा खर्च साधारण एक पंचमांशाने जास्त आला. वाकलेला रिम बदलला, व्हॉल्व्ह नवे टाकले, अलाइनमेंट केली आणि तो जादा पाटा काढायला लावला. पाट्यावरून वाद झाला, पण वडिलांनी मुलाला गप्प केले.

गोण्यांचा प्रश्न

टायर निवडणे इथे संपले, पण प्रकरण संपले नाही, कारण नवा टायरही अडतीस गोण्यांचा नव्हता. १,१९० किलो भाराला ९५० चा टायर म्हणजे पुन्हा सव्वापट. हे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल स्वखर्चाने उतरवावा लागतो. गावात मात्र दंडाची भीती लवकर विरते, म्हणून मी त्याला त्या दिवसाचाच हिशेब करायला लावला. दुसऱ्या गाडीचे भाडे, हमाली, रिम, रस्त्यावर फुटलेल्या गोण्या आणि उशिरा पोहोचल्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या बाजारात पडलेला भाव, हे सगळे मिळून तेरा जादा गोण्यांनी कित्येक फेऱ्यांत वाचवलेले भाडे एका दुपारी गेले होते.

तोडगा त्यांनीच काढला. हंगामाच्या जोरात, जेव्हा चार घरांचा माल एकदम निघतो, तेव्हा चौघांनी मिळून एक सहाचाकी ट्रक भाड्याने घ्यायचा, आणि इतर वेळी पिकअप पंचवीस गोण्यांवर चालवायची. गोणीमागचे भाडे पिकअपला थोडे जास्त पडते हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही.

नंतरचे निरीक्षण

नव्या टायरांवरची पहिली भरलेली फेरी मी स्वतः सोबत केली. सकाळी थंड टायरांत मागे ६५ आणि पुढे ४० पीएसआय हवा होती. घाट उतरून टोकावड्यात थांबून मोजली तेव्हा मागे दाब ७१ झालेला होता. चालक सवयीने व्हॉल्व्हला हात घालणार इतक्यात त्याला थांबवले. धावल्यावर दाब वाढणे साहजिक आहे, गरम टायरमधील हवा सोडली तर तो थंड झाल्यावर कमी दाबावर येतो आणि पुढच्या प्रवासात अधिक तापतो. दाब नेहमी सकाळी, गाडी हलण्यापूर्वी मोजायचा.

परतीचा प्रश्न त्याने विचारला आणि तो नेमका होता. रिकाम्या गाडीला ६५ चा दाब जास्त होतो, मागची बाजू उडते आणि टायर मधोमध झिजतो. मुक्काम करून परतायचे असेल तर सकाळी पट्टीवर दिलेल्या रिकाम्या गाडीच्या दाबावर हवा आणावी. त्याच दिवशी परतायचे असेल तर हवेला हात न लावता वेग कमी ठेवावा, विशेषतः पावसात, कारण माळशेजच्या ओल्या वळणांवर रिकामी, कडक टायरांची पिकअप मागून घसरते. जुलैत एकदा तशी ती थोडी घसरलीही, सुदैवाने वेग कमी होता.

अठरा हजार किलोमीटरनंतर, जानेवारी महिन्यात, गाडी पुन्हा माझ्याकडे आली. मागच्या टायरांची नक्षी साडेनऊ मिलिमीटरवरून पावणेसातवर आली होती. डावी-उजवीत फरक नव्हता आणि मध्य व कडा सारख्या झिजलेल्या होत्या. कायद्याची खालची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण भाराच्या गाडीचे टायर मी तीन मिलिमीटरला बदलायला सांगतो. टायर रिमवरून उतरवून आत हात फिरवला, आतली भिंत गुळगुळीत होती, चुरा नव्हता.

एक चूक मात्र आम्हा दोघांकडून राहिली होती. हौद्याखाली टांगलेली स्टेपनी अजून तीच, जीपच्या जातीची, आधीच्या मालकाच्या काळातली होती. वाटेत पंक्चर झाले असते तर ८०० किलोचा तो जुना टायर मागे लावून, भरलेल्या गाडीने उरलेला रस्ता कापला गेला असता. त्याच संध्याकाळी पाचवा एलटी टायर आणला, आणि जुना टायर पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नये म्हणून त्याची कडा माझ्यासमोर कापून घेतली. आता तो त्यांच्या गोठ्यात शेळ्यांच्या चाऱ्यासाठी ठेवलेला आहे.